खेळण्यातील गुपित : पोलारिस पाणबुडीची प्लास्टिक प्रतिकृती आणि शीतयुद्धकालीन गोपनीयता

प्रस्तावना

दप्तरे, पत्रव्यवहार, नाणी, शिलालेख यांना इतिहासाची साधने म्हणून मान्यता आहे. मुलांच्या खेळण्यांना तो मान क्वचितच मिळतो. वास्तविक एखादा समाज आपल्या मुलांच्या हाती काय देतो, यावरून त्या समाजाचा अभिमान आणि त्याची भीती या दोहोंचा अंदाज बांधता येतो. १९६१ साली अमेरिकेत सुटे भाग जोडून तयार होणारी एक प्लास्टिकची पाणबुडी अशाच वादाचा विषय ठरली. २ डॉलर ९८ सेंट किमतीच्या या खेळण्यामुळे शत्रूला मौल्यवान माहिती मिळते, असा आक्षेप व्हाइस ॲडमिरल हायमन रिकोव्हर यांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे घेतला. या प्रसंगाच्या आधारे शीतयुद्धातील प्रसिद्धी व गोपनीयता यांच्या परस्परसंबंधांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्लास्टिकची प्रतिकृती : स्वरूप

दुसऱ्या महायुद्धापूर्वी प्रतिकृती बहुधा लाकडाच्या असत. लाकूड तासून जहाज घडवावे लागे. साहजिकच प्रतिकृतीचा अचूकपणा घडवणाऱ्याच्या हातावर अवलंबून राही. युद्धोत्तर काळात पॉलिस्टायरीन प्लास्टिकने हे चित्र बदलले. वितळलेले प्लास्टिक दाबाने पोलादी साच्यात सोडले, की एकसारखे भाग हजारोंच्या संख्येने निघू लागले. कॅलिफोर्नियातील रेव्हेल कंपनीने १९५३ मध्ये ‘मिसुरी’ या युद्धनौकेचा संच बाजारात आणला आणि त्याच्या यशानंतर या व्यवसायाला वेग आला.

या बदलाचा एक परिणाम विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. अचूकपणा आता मुलाच्या हातातून निघून साच्यात गेला. साचा कोरण्यापूर्वी मूळ जहाजाची मापे व रचना कंपनीला ठाऊक असणे आवश्यक झाले. जी माहिती एकदा साच्यात उतरली, ती प्रत्येक खोक्यातून जशीच्या तशी घरोघरी पोहोचू लागली.

‘जॉर्ज वॉशिंग्टन’ या पाणबुडीच्या संचात तर बाह्य कवचाची एक बाजू उघडत असे आणि आतील मजले, यंत्रविभाग व क्षेपणास्त्रांचा कक्ष दिसत असे. चौकटीला चिकटलेले भाग सुरीने सोडवावेत, त्यांच्या कडा घासाव्यात, सूचनापत्रकातील क्रमाने ते डिंकाने जोडावेत, अशी जुळवणीची रीत होती. पाणबुडी पूर्ण होईपर्यंत तिच्या अंतर्भागाचा क्रम जुळवणाऱ्याला पाठ होई. पुस्तकातील आकृतीपेक्षा हे शिक्षण अधिक टिकाऊ होते.

मूळ पाणबुडी

‘जॉर्ज वॉशिंग्टन’ ही अमेरिकेची पहिली पोलारिस पाणबुडी होय. ‘स्कॉर्पियन’ नावाने बांधणीस घेतलेल्या पाणबुडीच्या मध्यभागी क्षेपणास्त्रांसाठी सुमारे १३० फूट लांबीचा भाग घालून ती तयार करण्यात आली. ९ जून १९५९ रोजी तिचे जलावतरण झाले, तर ३० डिसेंबर १९५९ रोजी ती नौदलात दाखल झाली. २० जुलै १९६० रोजी तिने पाण्याखालून पोलारिस क्षेपणास्त्राची यशस्वी चाचणी केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये १६ क्षेपणास्त्रे घेऊन ती पहिल्या गस्तीवर निघाली आणि जानेवारी १९६१ मध्ये परतली.

या पाणबुडीचे सारे सामर्थ्य अदृश्यतेत होते. जमिनीवरील तळ शत्रूला हेरता येतात, समुद्राखाली फिरणारी पाणबुडी हेरणे कठीण. म्हणून पहिला हल्ला झाला तरी प्रतिहल्ल्याची शक्ती शाबूत राहील, हे तिचे प्रयोजन होते.

वादाचे मर्म

रिकोव्हर हे नौदलाच्या अणुभट्टी कार्यक्रमाचे प्रमुख होते. अनुभवी जहाजरचनाकार अशा प्रतिकृतीवरून थोडक्या वेळात लक्षावधी डॉलर किमतीची माहिती मिळवू शकेल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. हा आक्षेप हास्यास्पद म्हणून बाजूला सारता येत नाही. एखादा कक्ष कोठे आहे व किती जागा व्यापतो, एवढ्यावरूनही तज्ज्ञाला बरेच अनुमान करता येते.

तथापि या वादाला दुसरीही बाजू आहे. पोलारिस क्षेपणास्त्राचा कार्यक्रम रिकोव्हर यांच्या हाती नव्हता. त्यासाठी १९५५ मध्ये विल्यम रॅबर्न यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र कार्यालय स्थापन झाले होते. निधी व राजकीय पाठिंबा मिळवण्यासाठी प्रसिद्धीचा कुशल वापर हे त्या कार्यालयाचे वैशिष्ट्य मानले जाते. शिवाय अण्वस्त्रांचा धाक हा मुळातच दाखवण्याचा विषय आहे. ज्या शस्त्राची शत्रूला कल्पनाच नाही, त्याचा धाक कसा बसणार? पाणबुडी कोठे आहे हे लपवणे जितके आवश्यक होते, तितकेच ती आहे आणि काय करू शकते हे सांगणेही आवश्यक होते. दिवाणखान्यातील प्रतिकृती दुसऱ्या गरजेला उपयोगी पडत होती, तर रिकोव्हर यांना पहिल्या गरजेची चिंता होती. हा पेच त्या संरक्षणनीतीच्याच पोटात होता. खेळण्याने तो केवळ उघडा पाडला.

पुढे १९६७ मध्ये सोव्हिएत नौदलात प्रकल्प ६६७-अ वर्गाची पहिली पाणबुडी दाखल झाली. तिच्यातही १६ क्षेपणास्त्रे मनोऱ्याच्या मागे दोन रांगांत होती. या साम्यावरून खेळण्याची नक्कल झाली असा निष्कर्ष काढणे मोहक असले, तरी इतिहासाच्या शिस्तीत बसणारे नाही. समान गरजेतून समान रचना उद्भवू शकते आणि मोठ्या राष्ट्राकडे माहितीचे इतर मार्गही असतात.

या प्रसंगाशी १९८६ मधील एका घटनेची तुलना उद्बोधक ठरते. त्या वर्षी टेस्टर कंपनीने रडारला न दिसणाऱ्या गुप्त विमानाचा ‘एफ-१९’ नावाचा संच काढला आणि काँग्रेसमध्ये पुन्हा खळबळ उडाली. नोव्हेंबर १९८८ मध्ये खऱ्या एफ-११७ विमानाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले, तेव्हा संचातील गोलाईदार विमान तर्कावर आधारलेले होते हे स्पष्ट झाले. खरे विमान सपाट, कोनदार पृष्ठभागांचे होते. म्हणजे खेळणे अचूक नसतानाही भीती खरी होती.

समारोप

‘जॉर्ज वॉशिंग्टन’ पाणबुडी १९८५ मध्ये सेवेतून निवृत्त झाली. तिच्या प्रतिकृतीवरील वाद मात्र एक मूलभूत प्रश्न मागे ठेवून गेला. लोकशाही शासन जनतेच्या पैशाने शस्त्रे उभारते, त्यासाठी जनतेचा अभिमान जागवते आणि त्याच वेळी जनतेने फार जाणू नये अशी अपेक्षाही करते. किती सांगावे आणि किती झाकावे, ही सीमारेषा शासनाच्या दोन विभागांनाही एकमताने आखता येत नाही, हे या प्रसंगातून दिसते. शासकीय दप्तरांत अशी विसंगती शब्दांच्या आड दडलेली असते. कवचाची एक बाजू उघडणाऱ्या प्लास्टिकच्या पाणबुडीत ती सहज हाताला लागते; म्हणून अशा वस्तूंकडे अभ्यासाचे साधन म्हणून पाहणे अगत्याचे आहे.