सोसायटी, सावकार आणि संत्रा : मोर्शी परिसरातील पतव्यवहाराचा इतिहास

अमरावती जिल्ह्याच्या ईशान्येस, सातपुडा आणि वर्धा नदी यांच्यामध्ये वसलेल्या मोर्शी तालुक्यातील शेती गेली दीडशे वर्षे मुख्यत्वे विक्रीसाठी पिकवली जात आहे. प्रथम कापूस आणि पुढे त्याच्या जोडीला संत्रा. विक्रीच्या पिकासाठी हंगामापूर्वी रोकड लागते, आणि ती कोणाकडून, कशाच्या तारणावर व कोणत्या अटींवर मिळते यावर येथील शेतकरी कुटुंबाची स्थिती ठरत आली आहे. म्हणूनच गावोगावच्या सहकारी पतसंस्थेचा, म्हणजे वऱ्हाडात जिला नुसते ‘सोसायटी’ म्हणतात तिचा, इतिहास हा या परिसराच्या शेतीचाच इतिहास ठरतो.

1853 च्या तहाने निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला आणि त्यानंतर रयतवारी पद्धतीने जमीनमोजणी होऊन खातेदाराला जमीन विकण्याचा व गहाण टाकण्याचा हक्क मिळाला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (1861 ते 1865) कापसाचे भाव चढले, त्याच दशकात रेल्वे वऱ्हाडातून नागपूरपर्यंत पोहोचली, आणि जमिनीला बाजारभाव येताच तीच कर्जाचे तारण बनली. पेरणीसाठी पैसा देणारा सावकार अनेकदा कापसाचा खरेदीदारही असल्याने कर्ज आणि पिकाचा भाव ही दोन्ही सूत्रे एकाच हाती जात. ‘मुदत-खरेदी’च्या व्यवहारात, म्हणजे ठरलेल्या मुदतीत रक्कम न फिटल्यास जमीन सावकाराचीच होईल अशा करारात, पिढीजात शेते गेली. पुणे व अहमदनगर भागांत 1875 मध्ये सावकारांविरुद्ध दंगे झाल्यावर तेथील शेतकऱ्यांसाठी 1879 चा संरक्षक कायदा झाला. वऱ्हाड मुंबई इलाख्याबाहेर असल्याने येथील कुणबी त्या संरक्षणाला मुकला.

1 ऑक्टोबर 1903 रोजी वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला आणि पुढच्याच वर्षी हिंदुस्थानचा पहिला सहकारी पतसंस्था कायदा झाला. जर्मनीतील रायफायझन यांनी उभारलेल्या ग्रामीण पतपेढ्यांचा आदर्श त्यामागे होता. एका गावातील वा शेजारच्या गावांतील किमान 10 प्रौढांना संस्था स्थापन करता येई, ग्रामीण संस्थेत चार-पंचमांश सभासद शेतकरी असणे आवश्यक होते, आणि सामान्यतः सभासदांची जबाबदारी अमर्यादित असे. म्हणजे संस्था बुडाल्यास प्रत्येकाची सर्व मालमत्ता तिच्या कर्जाला बांधलेली राही. ही अट कठोर वाटली तरी तिच्यात खोल विचार होता: कोण कष्टाळू, कोण उधळा, कोणाच्या विहिरीला पाणी आहे, हे शेजाऱ्याला ठाऊक असते, आणि स्वतःचे शेत पणाला लागल्यावर तो कर्जवाटपात मुरवत धरत नाही.

प्रत्यक्षात रायफायझन यांच्या आदर्शाचा एकच भाग, म्हणजे सामूहिक जबाबदारीचा, रुजला. सभासदांनी आपली बचत संस्थेत ठेवावी आणि त्यातून कर्जे द्यावीत, ही अपेक्षा ठेवींअभावी अपुरी राहिली. 1912 च्या नव्या कायद्याने मध्यवर्ती बँकांना मान्यता दिल्यावर पैसा वरून खाली येऊ लागला. 1929 नंतरच्या जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळले, वसुली थांबली, आणि सावकारापासून सोडवण्यासाठी निघालेल्या चळवळीतील बँकांवरच वऱ्हाडात थकबाकीदारांच्या जमिनी ताब्यात घेण्याची वेळ आली. मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारने 1933 मध्ये कर्ज-तडजोडीचा कायदा केला तो याच संकटात.

स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या गोरवाला समितीला, जिचे धनंजयराव गाडगीळ हे एक सदस्य होते, असे आढळले की 1951-52 मध्ये देशातील ग्रामीण कर्जापैकी सहकारी संस्थांचा वाटा सुमारे 3 टक्के आणि सावकारांचा जवळपास 70 टक्के होता. समितीच्या शिफारशींनुसार सरकार संस्थांचे भागीदार झाले, मर्यादित जबाबदारीची पद्धत पसरली आणि जमिनीच्या किमतीऐवजी पिकाच्या खर्चावर आधारलेले पीककर्ज सुरू झाले. गावची सोसायटी, जिल्हा मध्यवर्ती बँक आणि राज्य बँक ही त्रिस्तरीय साखळी आजही चालते. 1972 पासूनच्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेत शेतकऱ्याच्या चुकाऱ्यातून, म्हणजे कापसाच्या देय रकमेतून, सोसायटीचे कर्ज परस्पर कापून घेतले जाई. त्यामुळे वसुलीची सोय झाली, परंतु कर्ज परत करणे ही सभासदाची स्वतःची कृती उरली नाही. पुढे वसुलीऐवजी ‘नवे-जुने’ करण्याची, म्हणजे जुने कर्ज कागदोपत्री फेडून लगेच नवे उचलण्याची, रीत सर्रास झाली.

संत्र्याच्या बाबतीत या साखळीची मर्यादा अधिक स्पष्ट दिसते. नागपुरी संत्र्याच्या कलमाला व्यापारी उत्पन्न येण्यास पाच-सहा वर्षे लागतात, विहीर व पंप यांचा खर्च त्याआधीच करावा लागतो, तर पीककर्ज एका हंगामात फेडण्याच्या हिशेबाने आखलेले असते. दीर्घ मुदतीच्या कर्जासाठी भूविकास बँका होत्या, पण त्या थकबाकीखाली खचून बंद पडल्या. फळे झाडावर असतानाच व्यापाऱ्याला बहार विकून त्याच्याकडून आगाऊ रक्कम घेण्याची पद्धत मोर्शी-वरूड पट्ट्यात टिकून राहिली, याचे मोठे कारण ही उणीव होय. येथे व्यापाऱ्याला दोष देणे सोपे आहे. बागेच्या आयुष्याशी जुळणारे कर्ज सहकाराने दिले नाही, हा दोष त्याहून मोठा आहे.

1980 नंतर महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावी नागरी पतसंस्थांची संख्या वाढली. दुकानदार, शिक्षक व लहान व्यावसायिक यांच्याकडून ‘पिग्मी’ म्हणजे रोजची छोटी बचत गोळा करून या संस्थांनी, ग्रामीण सोसायट्यांना जे कधी पुरेसे साधले नाही ते, ठेवी जमवण्याचे काम केले. मात्र त्यांचे कर्ज प्रामुख्याने व्यापार, घरबांधणी व वाहने यांकडे वळले आणि बागायतदाराची दीर्घ मुदतीची गरज जवळजवळ तशीच राहिली. 2000 नंतरच्या दशकात जळगावसह काही जिल्ह्यांत पतसंस्था अडचणीत येऊन हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. बँकांतील ठेवींना 2020 पासून मिळणारे 5 लाख रुपयांपर्यंतचे विमा संरक्षण पतसंस्थांतील ठेवींना लागू नाही; त्यामुळे वार्षिक लेखापरीक्षण अहवाल वाचणे आणि सर्वसाधारण सभेत त्यावर प्रश्न विचारणे हे प्रत्येक सभासदाने स्वतःच केले पाहिजे.