नळीतला पाव फेरा

तुमसरहून बावनथडीकडे जाताना रस्त्याच्या कडेचं सागाचं आणि बांबूचं रान एकदा नीट बघा. पावसाळा संपतासंपता त्या रानात किती लांबचं दिसतं? शंभर पावलं, फार तर दीडशे. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

प्रश्न असा: शिकारीच्या रायफलची नळी किती लांब हवी, आणि आतल्या खाचांना पीळ किती हवा? पीळ मोजतात तो एका पूर्ण फेऱ्याला लागणाऱ्या लांबीत. २० इंचांत एक फेरा म्हणजे घट्ट पीळ, १०४ इंचांत एक म्हणजे अगदी सैल.

१८५३ च्या एन्फिल्डची नळी ३९ इंचांची आणि पीळ ७८ इंचांत एक, म्हणजे गोळी अर्धा फेरा घेऊन बाहेर पडायची. आता ही लांबी काही केवळ नेमासाठी नव्हती बरं का. मागच्या रांगेतल्या शिपायाला पुढच्याच्या खांद्यावरून बार काढता यावा, संगिनीची पोच राहावी, हाही हिशेब त्यात होता. जोसेफ व्हिटवर्थनं नळीचा व्यास ०.४५१ इंचावर आणला, व्यासाच्या तिप्पट लांबीची गोळी घेतली आणि पीळ २० इंचांत एक असा घट्ट केला. १८५७ च्या चाचण्यांत लांब पल्ल्यावर एन्फिल्ड तिच्यापुढे टिकली नाही. मग सगळ्यांनीच व्हिटवर्थच्या मागे जायला हवं होतं, नाही का?

इथे कॅप्टन जेम्स फोर्सिथ येतो. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, राजधानी नागपूर, आणि आपला भंडारा त्यातलाच जिल्हा. याच प्रांताच्या सेवेत फोर्सिथ सातपुड्यात हिंडला आणि शिकारी रायफलींवर त्यानं एक पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं उलटं होतं. शिकाऱ्यासाठी मोठ्या व्यासाचा गोल गोळा, भरपूर दारू आणि सैल पीळ! १४ बोअरच्या रायफलला त्यानं ८ फूट ८ इंचांत एक फेरा सुचवला. २६ इंचांच्या नळीत हा जेमतेम पाव फेरा होतो.

कारण त्या रानात आहे. जनावर दीडशे यार्डांच्या आतच दिसतं, पण नेमकं किती लांब आहे हे कळत नाही. अंतराचा अंदाज चुकला तरी गोळी फार खाली जाऊ नये, ही शिकाऱ्याची गरज. हवेचा अडथळा सोडून गणित करा: सेकंदाला १२०० फूट वेगानं दीडशे यार्डांवर गोळी २७ इंच पडते, १६०० फूट वेगानं १५ इंच. वेग हवा तर दारू जास्त हवी. पण जास्त दारूनं ढकललेला शिशाचा गोळा घट्ट पिळाच्या खाचा सोडून सरळच निसटतो. म्हणून पीळ सैल. लांब पल्ल्यावर हाच गोळा भराभर वेग गमावतो, तिथे व्हिटवर्थच बरोबर. भांडण उत्तराचं नव्हतं, अंतराचं होतं.

आता माझी फजिती. १८७९ मध्ये जॉर्ज ग्रीनहिलनं लांबट शिसे-गोळीसाठी सूत्र दिलं: दीडशे गुणिले व्यास, भागिले लांबी-व्यासाचं गुणोत्तर. व्हिटवर्थसाठी २२.५ इंच येतं, म्हणजे बऱ्यापैकी जवळ. मग मी फोर्सिथचा गोळा घातला. व्यास ०.६९३ इंच, गुणोत्तर १. उत्तर १०३.९५! आठ फूट आठ इंच म्हणजे १०४. सूत्राच्या सोळा वर्षं आधी, जंगलातल्या माणसाला तोच आकडा! मी रात्री अकराला मार्गदर्शकांना मेल टाकला.

सकाळी एका ओळीचं उत्तर आलं: "गोल गोळा आडवा कसा होतो, ते सांगा."

तो होतच नाही. ग्रीनहिलचं सूत्र लांबट गोळी हवेत कोलांटू नये म्हणून लागणाऱ्या फिरकीचं आहे. गोळ्याला टोक नाही, बूड नाही. हवेचा दाब त्याला उलटवू शकत नाही. त्याला फिरकी लागते ती त्याच्या घडणीतला तिरपेपणा एकाच बाजूला ओढत राहू नये म्हणून, आणि त्याला थोडी फिरकीही पुरते. दोन वेगळ्या कारणांतून एकच आकडा निघाला होता.

फोर्सिथ १८७१ मध्येच वारला. ग्रीनहिलचं सूत्र त्यानं पाहिलंच नाही. माझ्या वहीत १०३.९५ अजून आहे. खोडलेलं नाही, शेजारी फक्त 'गोळा!' असं लिहिलंय.