जुन्या खिडकीच्या जागी नवी : मोजमाप, बसवणी आणि पावसाचे पाणी

गोव्यात खिडक्या बदलण्याचे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या महिन्यांत करावे. वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, तोही वाऱ्यासोबत आडवा झोडपणारा. त्यामुळे येथे खिडकीची खरी पारख काचेत नसून तिच्या कडांत होते.

पहिला प्रश्न, जुनी चौकट ठेवायची की काढायची? टोकदार सुरीने सागवान टोचून पाहावे. लाकूड टणक असेल तर त्याच चौकटीत नवी खिडकी बसते. गिलावा फुटत नाही, मात्र उजेडाची जागा चारही बाजूंनी थोडी आक्रसते. खालच्या आडव्या लाकडात टोक सहज रुतले किंवा वाळवीची माती दिसली, तर चौकट काढणेच भाग आहे. भिंतीत ती बहुधा लोखंडी होल्डफास्टने जखडलेली असते. पहारीने उचकटल्यास जांभ्याच्या चिऱ्यांच्या कडा ढासळतात. म्हणून चौकट करवतीने कापून तुकड्या-तुकड्याने आत ओढावी.

रुंदी वर, मध्ये व खाली, उंची डावीकडे, मध्ये व उजवीकडे मोजावी आणि सर्वांत लहान माप धरावे. त्यातून प्रत्येक बाजूस सुमारे ५ मिलिमीटर मोकळीक सोडावी. दोन्ही कर्ण जुळले नाहीत तर गाळा गुण्यात नाही असे समजावे. जुन्या चिरेबंदी घरांत हे नेहमीचेच. चौकट काढली असल्यास अंतिम माप कडा दुरुस्त झाल्यावरच घ्यावे. तोवर ताडपत्री लावून राहण्याचा त्रास चुकीच्या मापाच्या खिडकीपेक्षा केव्हाही बरा.

सरकत्या खिडकीला जागा कमी लागते, परंतु एका वेळी निम्माच गाळा उघडतो. बिजागरीची झडप पूर्ण उघडते आणि मिटल्यावर रबरी पट्टीवर दाबून बसते. पावसाच्या तोंडावरील भिंतीसाठी तीच श्रेयस्कर. किनाऱ्यालगत साधे लोखंडी स्क्रू खाऱ्या हवेने लवकर गंजतात. तेथे स्टेनलेस स्टीलचेच हवेत, हा आग्रह धरावा. कंत्राटदाराची काटकसर बहुधा येथेच होते.

खिडकीखालचे सिल बाहेरच्या बाजूस उतरते असावे व त्याच्या पुढे आलेल्या कडेखाली पाणी तोडणारा चर हवा. हा चर नसला की पाणी कडेखालून उलटे वळून भिंतीत शिरते आणि दोष मात्र खिडकीला येतो. चौकट पाचरींवर उभी करून पाणसळीने व ओळंब्याने तपासावी, मगच स्क्रू आवळावेत. फटीत भरलेला फोम केवळ भरणा आहे. तो उन्हाने खराब होतो व पाऊस अडवत नाही. बाहेरून सिलिकॉन सीलंटची अखंड रेघ आवश्यकच. मात्र चौकटीच्या खालच्या पट्टीतील लहान छिद्रे बुजवू नयेत. रुळात साचलेले पाणी बाहेर पडण्याची ती वाट आहे, आणि नीटनेटकेपणाच्या हौसेने ती बंद केली की पाणी घरात येते. आतील रंगकामापूर्वी बाहेरून नळीने पाणी मारून पाहावे व नंतरच हिशेब चुकता करावा.

शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी असेल, तर मात्र बदलण्याआधी दुरुस्तीचाच विचार व्हावा. काच दुर्मीळ व महाग असताना पातळ, अर्धपारदर्शक शिंपल्यांचे चौकोन लाकडी पट्ट्यांच्या जाळीत सरकवून ही तावदाने केली जात. उजेड येतो, ऊन भाजत नाही. हा शिंपला झुवारीच्या मुखाजवळ, चिखलीच्या उपसागरात सापडतो; परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो संरक्षित असल्याने नवा गोळा करता येत नाही. म्हणून मोडक्या झडपांतील धड शिंपलेही टाकू नयेत. दुसऱ्या झडपेच्या दुरुस्तीस तेच उपयोगी पडतात. पणजीतील फोंतेन्यांससारख्या संवर्धन क्षेत्रात घराचा दर्शनी भाग बदलण्यासाठी आधी परवानगी घ्यावी लागते, तर सदनिकाधारकांनी सोसायटीची लेखी संमती घेतल्याखेरीज बाहेरून दिसणाऱ्या खिडकीची मागणी नोंदवू नये.