युनिक्समधील परवानग्या : एका पाठभेदाचा विचार

सामायिक लिनक्स वेब-सर्व्हरवर फोल्डरांच्या परवानग्या लावताना जो घोळ होतो, त्याचे खापर बहुधा व्यवस्थापकाच्या अज्ञानावर फोडले जाते. आमच्या मते त्याचे मूळ अर्धशतकापूर्वीच्या एका निर्णयात आहे.

१९६५ साली मांडलेल्या मल्टिक्सच्या आराखड्यात प्रत्येक फाइलीबरोबर नावनिशीवार यादी होती : अमक्याने वाचावे, तमक्याने लिहावे. बेल प्रयोगशाळा १९६९ मध्ये त्या प्रकल्पातून बाहेर पडली. तेथील केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी लहानशा यंत्रावर युनिक्सची उभारणी आरंभिली. ती यादी मात्र त्यांनी घेतली नाही.

युनिक्सविषयीच्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधाचे दोन पाठ शेजारी ठेवून वाचणे उद्बोधक आहे. १९७४ च्या पाठात संरक्षणाची चिन्हे सात आहेत. वाचणे, लिहिणे व चालविणे हे अधिकार मालकास निराळे आणि इतर सर्वांस निराळे, अशी सहा. सातव्याने आज्ञावली चालविणाऱ्यास तेवढ्यापुरता तिच्या मालकाचा अधिकार लाभतो. (या सातव्या कल्पनेचे पेटंट रिचीला १९७९ मध्ये मिळाले.) १९७८ च्या पाठात चिन्हे दहा होतात. पाठभेद तीनच चिन्हांचा. परंतु मालक आणि परका यांच्यामध्ये 'गट', म्हणजे सहकारी, हा वर्ग निबंधात येतो तो येथे.

ही वर्गवारी एकमेकांना ओळखणाऱ्या मंडळींना पुरेशी होती. वेब-सर्व्हर हा मात्र स्वतःच एक वापरकर्ता असतो आणि पुष्कळदा तो 'इतरां'त मोडतो. त्याला पाने वाचता यावीत म्हणून फोल्डर सर्वांस खुले केले, की त्याच यंत्रावरील शेजाऱ्यालाही ते खुले होते. मग त्यात डेटाबेसचा पासवर्ड का असेना! लिहिण्यास अडथळा आला की उतावळा व्यवस्थापक ७७७ देतो, म्हणजे प्रत्येक खात्यास सर्व अधिकार. योग्य मार्ग गटाचाच : फोल्डर गटाच्या नावे करावे, नव्या फाइलींना तोच गट लागेल असे चिन्ह त्यावर लावावे, आणि 'इतरां'चा प्रवेश बंद ठेवावा. फोल्डरच्या बाबतीत 'चालविणे' म्हणजे आत शिरणे, हेही ध्यानात असावे. एका व्यक्तीस एकाच वेळी अनेक गटांत राहण्याची सोय बर्कलीच्या आवृत्तीने १९८३ मध्ये केली.

नावनिशीवार यादीचे प्रमाणीकरण १९९८ मध्ये मसुद्यावरच थांबले. तरीही २००३ च्या लिनक्स २.६ मध्ये ती यादी परत आली. फाइलींच्या सूचीत तिची खूण एवढीच, की जुन्या नऊ अक्षरांपुढे एक अधिकचिन्ह उमटते.