बाळगोळी : गिरणगावातील झोपवलेल्या मुलांचा इतिहास

१/ मुलाला पाळणाघरात सोडताना पिशवीत दुपटे, कपड्यांचा जोड, खाऊचा डबा, पाण्याची बाटली असते आणि पुष्कळदा एक चोखणीही असते. आपण तिला आता सर्रास पॅसिफायर म्हणतो. वस्तू एवढीशी, पण घर आणि पाळणाघर यांच्यात तिच्यावरून मतभेद होतात. घरी मूल रडले की ती मिळते. पाळणाघरातील ताई ती फक्त झोपेच्या वेळी देतात. दोन वर्षांच्या मुलासाठी दोन ठिकाणी दोन नियम! मूल शांत कोणी ठेवायचे, कशाने, आणि मुळात कोणाच्या सोयीसाठी? शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणगावात हाच प्रश्न फार भयंकर रूपात उभा होता. तेथे चोखणीच्या जागी अफूची गोळी होती. आजचा धागा त्या बाळगोळीविषयी.

२/ आरंभीच एक गफलत टाळू. बाळगुटी आणि बाळगोळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाळगुटी म्हणजे सहाणेवर वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, जायफळ इत्यादींचे ठरावीक वेढे उगाळून दिलेले चाटण. बाळगोळीचा मुख्य घटक मात्र अफू. अफूत जायफळासारखे पदार्थ मिसळून तिच्या बारीक गोळ्या वळत. मूल दोन-तीन वर्षांचे होईपर्यंत त्या देण्याची चाल होती. हे गिरणगावाने शोधून काढलेले नव्हे. १८९३ ते १८९५ या काळात अफूविषयक रॉयल कमिशनने जी चौकशी केली, तीतही अर्भकांना अफू देण्याच्या चालीची नोंद आहे.

३/ आणि हे केवळ भारतातच घडत होते असेही नाही. इंग्लंडमधील कापडगिरण्यांच्या शहरांत ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नावाचे अफूमिश्रित गोड औषध मुलांना पाजले जाई. फ्रीडरिश एंगल्सने १८४५ साली इंग्लंडमधील कामगारवर्गाच्या स्थितीवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या औषधाचा नावानिशी उल्लेख आहे. अमेरिकेत १८४९ पासून ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ विकले जात होते. त्यात मॉर्फीन होते. १९०६ च्या कायद्याने असे घटक बाटलीवर लिहिणे सक्तीचे झाले, तेव्हा कुठे आयांना आपण मुलाला काय पाजतो हे कळू लागले.

४/ भारतात अफू लपूनछपून मिळत नव्हती. १८७८ च्या अफू कायद्याखाली तिचे उत्पादन आणि विक्री सरकारी नियंत्रणात होती, किरकोळ विक्री परवानाधारक दुकानांतून होई आणि तिचा महसूल सरकारी तिजोरीत जमा होई. म्हणजे चाळीतल्या बाईच्या हाती जी गोळी येई, तिच्यामागे दुकानदार होता, त्याच्यामागे परवाना होता आणि परवान्यामागे सरकार होते. ही साखळी ध्यानात ठेवा. पुढे ‘दोष कोणाचा?’ या प्रश्नापाशी ती पुन्हा लागेल.

५/ आता गिरणीत येऊ. १९२० च्या दशकात मुंबईच्या कापडगिरण्यांतील कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. त्या प्रामुख्याने वाइंडिंग आणि रिळिंग या खात्यांत असत. हे काम बहुधा उक्ते, म्हणजे जेवढे सूत गुंडाळाल तेवढी मजुरी. खात्यावर देखरेखीला नाईकीण असे. उक्त्या कामाचा एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. मुलाला पाजण्यासाठी बाई अर्धा तास उठली, तर तिला कोणी दंड करो वा न करो, त्या अर्ध्या तासाची मजुरी आपोआप बुडे.

६/ तास किती? १९२२ च्या दुरुस्तीने कारखान्यांतील कामाची कायदेशीर कमाल मर्यादा दिवसाला अकरा आणि आठवड्याला साठ तास अशी ठरली. मुंबईच्या गिरण्यांत १९२० च्या संपानंतर दहा तासांचा दिवस आला होता. त्यात मधली सुट्टी आणि जाण्यायेण्याचा वेळ मिळवा. शिवाय भोंग्याच्या आधीचा स्वयंपाक, पाणी भरणे आणि परतल्यावरची चूल. अंगावर पिणाऱ्या मुलाला दर दोन-तीन तासांनी आई लागते. गिरणीचे वेळापत्रक आणि बाळाचे वेळापत्रक यांचा मेळ बसणे शक्यच नव्हते.

७/ घरी तरी कोण होते? रत्नागिरी, सातारा या भागांतून आलेल्या कुटुंबांची निम्मी माणसे गावीच राहत. ज्या आजीने नातवंड सांभाळायचे, ती कोकणात. आणि नातवंड परळच्या चाळीत, एका खोलीच्या बिऱ्हाडात. मग सात-आठ वर्षांची थोरली बहीण किंवा शेजारची एखादी म्हातारी मुलाकडे पाही. कधी तेही नसे. अशा वेळी सकाळी दिलेली गोळी मुलाला कित्येक तास गुंगीत ठेवी. रडणे नाही, रांगत जाऊन चुलीत हात घालणे नाही.

८/ गोळी ‘लागू’ का पडे, हेही समजून घेतले पाहिजे. अफू गुंगी आणते, खोकला दाबते, आतड्यांची हालचाल मंदावते आणि भूक मारते. जुलाब आणि खोकला ज्या वस्तीत नित्याचे, तेथे हे औषध गुणकारी वाटणे स्वाभाविक होते. पण भूक मेलेले मूल पीत नाही, आणि न पिणारे मूल खंगते. मात्रा थोडी जास्त झाली तर श्वास मंदावतो आणि थांबतोही. शिवाय सवय लागते. एखाद्या दिवशी गोळी चुकली की तेच मूल घामाघूम होते, त्याला जुलाब होतात आणि ते सतत रडते. आईला वाटते, गोळी नाही म्हणून मूल आजारी पडले. एका अर्थी ते खरेही असते.

९/ या चालीचा सर्वाधिक उद्धृत झालेला पुरावा १९२२ चा आहे. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने गिरण्यांतील स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी करण्यासाठी डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरची नेमणूक केली. त्यांचा अहवाल ‘लेबर गॅझेट’मध्ये छापून आला. कामगार स्त्रियांच्या अर्भकांपैकी ९८ टक्के मुलांना अफू दिली जाते, असे त्यांनी नोंदवले. पुढील पंधरा-वीस वर्षे हा आकडा समित्यांच्या अहवालांत, पुस्तकांत, भाषणांत फिरत राहिला.

१०/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे क्षणभर थांबावे. ९८ टक्के हा आकडा एका डॉक्टरने, ठरावीक काळात, तिच्यासमोर आलेल्या स्त्रियांवरून काढलेला आहे. तो प्रत्येक गिरणीला, प्रत्येक जातीच्या आणि गावच्या कुटुंबाला, प्रत्येक वर्षाला लावता येणार नाही. पण म्हणून तो टाकूनही देता येत नाही. चाल सार्वत्रिक होती आणि आयांनी ती डॉक्टरपासून लपवली नाही, एवढे त्यातून निश्चित निघते. जी गोष्ट लाजेची वाटते, ती माणसे एवढ्या सहज सांगत नाहीत.

११/ दुसरा प्रसिद्ध आकडा अर्भकमृत्यूचा. १९२१ मध्ये मुंबईत दर हजार नोंदलेल्या जन्मांमागे सहाशेहून अधिक अर्भके दगावली. एका खोलीच्या बिऱ्हाडांत हे प्रमाण त्याहून भीषण होते. यातही एक खाच आहे. पुष्कळ स्त्रिया बाळंतपणाला गावी जात. जन्म गावी झाला की मुंबईच्या वहीत त्याची नोंद नाही. मूल मुंबईत आणल्यावर दगावले तर मृत्यूची नोंद मात्र मुंबईत. त्यामुळे प्रमाण फुगते. तेवढी सूट दिल्यावरही उरते ते भयानकच आहे. मात्र त्याचे खापर एकट्या अफूवर फोडता येत नाही. कोंदट खोली, दूषित पाणी, देवी, जुलाब आणि उपासमार हे सारे त्यात सामील होते.

१२/ तरीही त्या काळच्या लिखाणात एक शब्द पुन्हा पुन्हा भेटतो : ‘अज्ञान’. आई अडाणी आहे, म्हणून मुलाला विष देते. तिला शिकवा, म्हणजे चाल बंद होईल. हे निदान सर्वांनाच सोयीचे होते. मालकाला तास कमी करावे लागत नव्हते आणि सरकारला दुकानांचे परवाने रद्द करावे लागत नव्हते. सी. एफ. अँड्र्यूज यांनी १९२६ साली भारतातील अफूविषयी जे पुस्तक लिहिले, त्यात ब्रिटनच्या जबाबदारीवर बोट ठेवले, ते याच कारणाने महत्त्वाचे. आईला गोळीचे परिणाम ठाऊक नव्हते असे समजण्यापेक्षा तिच्यापुढे दुसरा पर्याय कोणता होता, हे विचारणे इतिहासाच्या दृष्टीने अधिक फलदायी आहे.

१३/ पर्याय होता पाळणाघर. कष्टकरी आयांच्या मुलांसाठी पाळणाघर ही कल्पना १८४४ मध्ये पॅरिसमध्ये फर्मँ मार्बो याने प्रत्यक्षात आणली होती. मुंबईच्या काही गिरण्यांनीही विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत आवारात पाळणाघरे उघडली. पाळणे, दूध, दाई अशी व्यवस्था ठेवली. पण समकालीन अहवालांत एक तक्रार सतत आढळते : आया मुलांना आणतच नाहीत.

१४/ का आणीत नसत? पहाटेच्या गर्दीतून तान्हे मूल कडेवर घेऊन चालायचे. परक्या दाईचा भरवसा नाही. इतर जातींच्या मुलांबरोबर ठेवण्याचा संकोच. एका मुलाचा गोवर दुसऱ्याला लागण्याची भीती. आणि सर्वांत अवघड गाठ गोळीचीच. पाळणाघराला गोळी मान्य नाही. घरी मात्र पहाटे आणि रात्री ती चालू. परिणाम असा की मूल ऐन दुपारी, दाईच्या हाती असताना, गोळीवाचून तळमळणार. दाई म्हणणार, मूल किरकिरे. आई म्हणणार, इथे मूल रडते, घरी कधी रडत नाही. दोघींनी मिळून मात्रा हळूहळू उतरवली असती तरच हे सुटणार होते. त्यासाठी आईला दिवसातून दोन-तीन वेळा मुलापाशी येता यायला हवे होते. उक्त्या कामात तेच शक्य नव्हते.

१५/ म्हणून खरा बदल उपदेशाने नव्हे, कायद्याने सुरू झाला. १९२४ मध्ये ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूती-साहाय्याचे विधेयक मांडले. ते नामंजूर झाले. मुंबई विधिमंडळात असवले यांनी असेच विधेयक आणले आणि जुलै १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. बाळंतपणाच्या काळात आईला विसावा मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. १९२९ मध्ये कायदा झाला. बाळंतपणाच्या आधीचे आणि नंतरचे काही आठवडे बाईला भत्ता मिळू लागला. पण ते आठवडे सरल्यावर काय? भोंगा तोच, खोली तीच.

१६/ पुढचा टप्पा पाळणाघराच्या सक्तीचा. १९३१ मध्ये व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील कामगारविषयक रॉयल कमिशनने शिफारस केली की, जेथे २५० किंवा अधिक स्त्रिया काम करतात तेथे सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी पाळणाघर कायद्याने आवश्यक करावे. १९३४ च्या कारखाना कायद्याने ५० हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत मुलांसाठी खोली राखून ठेवण्याचे नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ४८ ने ५० हून अधिक स्त्रिया असतील तेथे पाळणाघर बंधनकारक केले. १९७६ मध्ये ही मर्यादा ३० वर आली. बिगरवैद्यकीय अफू १९५९ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे धोरणही याच काळातले.

१७/ मात्र या कायद्यांतच एक पेच दडलेला होता. पाळणाघराची सक्ती स्त्रियांच्या संख्येशी बांधली होती. मालकाच्या हिशेबात पाळणाघर हा ‘स्त्रियांना कामावर ठेवण्याचा खर्च’ ठरला. मुंबईच्या गिरण्यांतून स्त्रिया हळूहळू कमी होत गेल्या. त्याला नवी यंत्रे, रात्रपाळीवरील बंदी, खात्यांची फेररचना अशी अनेक कारणे आहेत. पण मूल हे फक्त आईचेच ओझे, ही समजूत कायद्यानेही पुसली नाही. २०१७ च्या प्रसूती-लाभ दुरुस्तीने प्रथमच ५० कर्मचारी हा निकष धरला, मग ते स्त्री असोत वा पुरुष. आईला दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाण्याची मुभाही त्यात आहे. ‘आईला मुलापाशी येता यायला हवे’ हे पंचाण्णव वर्षांपूर्वीच स्पष्ट दिसत होते.

१८/ कारखान्याबाहेरच्या आईचे काय? १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकाम-मजुरांच्या मुलांसाठी ‘मोबाइल क्रेशेस’ सुरू केले. बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये जो कायदा झाला, त्यातही पाळणाघराची तरतूद आहे. तरी आजही एखाद्या इमारतीच्या पायाशी वाळूच्या ढिगावर झोपलेले मूल आपण पाहतोच. गोळी गेली, पण तिला जन्म देणारी परिस्थिती सगळीकडून गेलेली नाही.

१९/ आता पुन्हा त्या पिशवीतल्या चोखणीकडे. चोखणी म्हणजे अफू नव्हे, आणि ती देणारे आईबाप गुन्हेगार नव्हेत. पण बाळगोळीच्या इतिहासातून एक गोष्ट घेता येते : घर आणि पाळणाघर एकमेकांशी बोलले नाहीत, तर त्याचा त्रास मुलाला होतो, आणि त्यांना बोलायला वेळच मिळत नसेल, तर दोष त्या दोघांच्या पलीकडे शोधावा लागतो.

२०/ शेवटी एक विनंती. या विषयावरील आपली बहुतेक साधने डॉक्टरांची, तपासनिसांची आणि समित्यांची आहेत. गोळी देणाऱ्या आईचे स्वतःचे शब्द त्यांत फार थोडे. तुमच्या घरात कोणाची आजी किंवा पणजी गिरणीत होती का? मुले कोणापाशी ठेवीत, भोंगा झाल्यावर काय करीत, असे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि लिहून ठेवा. सांगणारी पिढी आता थोडीच उरली आहे. धागा समाप्त.