ताऱ्याची नोट

नाशिक रोडला कोणी "प्रेसमध्ये आहे" म्हणालं, की वर्तमानपत्र कोणाच्याच डोक्यात येत नाही. आपल्याकडे प्रेस म्हणजे नोटांची. १९२५ साली इथे इंडिया सिक्युरिटी प्रेस उभी राहिली. तोवर आपली पोस्टाची तिकिटंसुद्धा लंडनहून छापून यायची. मग १९२८ साली करन्सी नोट प्रेस आली. बाहेरच्या पाहुण्यांचे प्रश्न ठरलेले असतात... किती नोटा छापतात, तपासणी कशी होते, वगैरे. मला मात्र, रोज डेटाबेसशी झटापट करणारा माणूस म्हणून, वेगळाच प्रश्न पडतो. शंभरातली एक नोट खराब निघाली, तर तिच्या नंबराचं काय करतात?

हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. आमच्या धंद्यात एका टेबलात नवी नोंद घालायची आणि दुसरीकडे 'एकूण किती' हा आकडा एकाने वाढवायचा, हे रोजचंच. पण नोंद झाली आणि आकडा वाढवण्याआधीच वीज गेली तर? दोन्ही जागा आपापल्या परीने बरोबर दिसतात, फक्त एकमेकींशी जुळत नाहीत. यावर जिम ग्रे वगैरे मंडळींनी सत्तरच्या दशकापासून डोकं लावलं. त्यातून निघालेला नियम असा, की दोन्ही कामं मिळून एकच समजायचं. होतील तर दोन्ही, नाहीतर एकही नाही.

नोटांच्या बाबतीत असे दोन हिशेब असतात. पाकिटात नोटा शंभर हव्यात, आणि प्रत्येक नंबर एकदाच हवा. जुन्या काळी तिसरी अटही होती, नंबर ओळीने हवेत. म्हणून खराब नोट बाजूला काढली की त्याच नंबराची दुसरी नोट छापून तिथे घालायची. पाकीट बघणाऱ्याला काही घडलं होतं हे कळायचंसुद्धा नाही. पण यात मेख अशी, की जुनी नोट नष्ट होईपर्यंत एकाच नंबराच्या दोन नोटा जगात असणार. सगळा भार त्या नष्ट करण्याच्या नोंदीवर!

अमेरिकेत १९१० पासूनच बदली नोटेला तारा लावतात. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने ही पद्धत २००६ मध्ये आणली, आधी दहा, वीस आणि पन्नासच्या नोटांना. पाचशेच्या नव्या नोटेवर तारा आला तो २०१६ च्या डिसेंबरात. अक्षरं आणि आकडे यांच्यामध्ये एक छोटा तारा. खराब नोटेचा नंबर गेला तो गेला, तिच्या जागी ताऱ्याच्या वेगळ्या मालिकेतली नोट. पाकिटात नोटा शंभरच, पण नंबरांची ओळ मोडलेली, आणि आत ताऱ्याची नोट आहे हे पाकिटाच्या पट्टीवरच लिहिलेलं. मोजदाद राखायची म्हणून ओळीचा हट्ट सोडला. दुरुस्ती झाकण्यापेक्षा ती दाखवलेली बरी, हा मला यातला खरा शहाणपणा वाटतो.

गंमत म्हणजे लोकांना हा प्रामाणिकपणाच संशयास्पद वाटला. तारा म्हणजे खोटी नोट अशी आवई उठली, आणि जुलै २०२३ मध्ये बँकेला सांगावं लागलं, की बाबांनो, ही नोट इतर नोटांसारखीच चालते. त्याच्या आदल्याच महिन्यात पाचशेच्या ८८ हजार कोटींच्या नोटा 'गायब' झाल्याची बातमी गाजली होती. छापल्या किती आणि बँकेत पोचल्या किती, असे दोन आकडे शेजारी ठेवून कोणीतरी वजाबाकी केली होती. प्रेसकडून मिळालेल्या माहितीचा अर्थ चुकीचा लावला गेलाय, असा खुलासा बँकेने केला. दोन ठिकाणचे आकडे एकाच गोष्टीचे आहेत का, हे आधी बघावं लागतं!

पण आकडा चुकला की त्याखाली माणसं येतात, हे नाशिक रोडने २०२१ मध्ये अनुभवलं. करन्सी नोट प्रेसमध्ये पाच लाखांच्या नोटांचा मेळ लागेना, जुलैत प्रकरण पोलिसांत गेलं. संशय अर्थातच कामगारांवर. पुढे बातम्यांतून आलं ते असं, की चोरी नव्हतीच. नोटा चुकून नष्ट करायच्या मालात गेल्या होत्या आणि भीतीपोटी ते कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे नोटा गेल्या, नोंद राहिली. ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या घरं प्रेसच्या पगारावर चालली, तिथे असा संशय किती जड जात असेल, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून मला वाटतं, हिशेब बरोबर राहतो तो कोणी चुकत नाही म्हणून नव्हे. चूक झाल्याबरोबर ती लिहायची सोय आणि लिहिणाऱ्याला अभय असेल, तरच तो टिकतो. नोटेसाठी तारा आहे. माणसासाठी तशी जागा ठेवायला आपण अजून शिकतोय.