धबधबा (नादानुकारी शब्द)

नाम, पुल्लिंगी. उंचावरून कोसळणारा पाण्याचा लोट. 'धबधब' या पडण्याच्या आवाजावरून झालेला शब्द. संस्कृत 'प्रपात'मध्ये 'पत्' (पडणे) हा धातू आहे. तिथे नाव डोळ्यांनी ठेवले, मराठीने ते कानांनी ठेवले. 'नदी'ही मुळात कानांचीच. यास्काने निरुक्तात ती 'नद्' म्हणजे आवाज करणे या धातूवरून लावली आहे. आता मात्र त्या शब्दात नाद कुणाला ऐकू येत नाही.

बीड तालुक्यात मांजरसुंब्याजवळ, बालाघाटच्या डोंगरांत कपिलधार आहे. नावातली 'धार' संस्कृत 'धारा'तून आली, तिचा आवाजाशी संबंध नाही. पावसाळ्यात मात्र तिथे नादानुकारी शब्दांची आख्खी शाळा भरते. कड्यावरून पाणी धबधब पडते, खाली दगडांतून खळखळ निघते, उतार सरला की झुळझुळ वाहते. कपारीतून नुसतेच टपटपते. जरा कान दिला तर एक गोष्ट ध्यानात येते. वाहत्या पाण्याच्या शब्दांत 'ळ' घोळतो: खळखळ, झुळझुळ, घळघळ. पडत्या पाण्याचे शब्द ओठ मिटून थांबतात: धबधब, टपटप, रिपरिप. हा नियम नव्हे. 'धो धो' पाऊस त्याला जुमानत नाही.

या दरीत मन्मथस्वामी या वीरशैव संतकवींची समाधी आहे. 'परमरहस्य' हा त्यांचा ग्रंथ. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला दिंड्या येतात, तेव्हा पावसाळा सरलेला असतो आणि दरीत भजनाचे पडसाद उठतात. 'पडसाद' म्हणजे संस्कृत 'प्रतिशब्द', प्राकृतात 'पडिसद्द'. एकट्या 'शब्द'चा 'सद्द' आणि पुढे 'साद' झाला. 'आवाज' फारसीतून आला.

व्याकरणात अशा शब्दांना अनुकरणवाचक म्हणतात आणि अभ्यस्त शब्दांत घालतात. 1831 साली प्रसिद्ध झालेला मोल्सवर्थचा कोश चाळला तर त्यांचा भरणा दिसतो. त्यांचे पीक वाढवायला मराठीला कष्ट पडत नाहीत: 'आट' लावला की खळखळाट, 'णे' लावले की खळखळणे, 'ईत' लावला की खणखणीत. अर्थही आवाज सोडून दूर जातो. नाणे आपटून खण्ण वाजले तर खरे, म्हणून उत्तर खणखणीत, आजोबांची तब्येतही खणखणीत. कुरकुरत, आढेवेढे घेत काम करणाऱ्याला 'खळखळ करू नकोस' म्हणतात, आणि तिथे पाण्याचा थेंबही नसतो.